जैसलचा किल्ला आणि आपला नकाशा

आठवीतली भाची सामाजिक विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. १७५९ सालचं मराठा साम्राज्य दाखवणारा नकाशा उघडला, पश्चिमेकडे एका ठिकाणी बोट ठेवलं आणि विचारलं, "मामा, जैसलमेर आपलं होतं?" तिच्या बोटाखाली थरचं वाळवंट होतं आणि त्यावर पुण्यावर होता तोच रंग होता. मी म्हटलं, "नव्हतं." तिचा चेहरा पडला. तो पडू नये म्हणून मी काहीतरी गोलमोल बोललो असतो तर त्या क्षणी सोपं गेलं असतं. पण या एका नकाशावरून जो वाद पेटला, त्यात गोलमोल बोलणारे आणि तावातावाने बोलणारे पुष्कळ झाले आहेत.

झालं ते थोडक्यात असं. ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरच्या माजी राजघराण्यातले चैतन्यराज सिंह यांनी एनसीईआरटीच्या, म्हणजे शाळेची राष्ट्रीय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, या नकाशावर जाहीर हरकत घेतली. जैसलमेरवर मराठ्यांची स्वारी, वर्चस्व किंवा करवसुली झाल्याचा कुठलाही विश्वासार्ह पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. एनसीईआरटीने तज्ज्ञांची समिती नेमली. इथवर सगळं रीतसर होतं. पण लगेच दोन फळ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटलं, हा मराठ्यांचा पराक्रम झाकण्याचा डाव आहे. तिकडे सूर निघाला, आम्ही कधी कुणापुढे मान तुकवलीच नाही. कागद कुणी उघडला नाही, भूगोल कुणी पाहिला नाही.

माझं मत मी आधीच सांगून टाकतो. नकाशा चुकला आहे. जैसलमेर मराठ्यांच्या अमलाखाली नव्हतं, आणि हे सगळ्यांत आधी मराठी माणसाने म्हणायला हवं होतं. पण नकाशा चुकला म्हणून "आम्ही सदैव अजिंक्य" हा दावा खरा ठरत नाही. ज्या राजाने जैसलमेरचा किल्ला वसवला, त्या रावळ जैसलची कथाच हा दावा खोडून काढते. म्हणून या वादात मला अठराव्या शतकाइतकंच बारावं शतक महत्त्वाचं वाटतं.

आधी आपल्या बाजूचे मुद्दे, तेही दुबळे नव्हेत, सगळ्यांत बळकट ते घेऊ. पहिला कागदाचा. १७५२ मध्ये दिल्लीच्या वतीने वजीर सफदरजंगाने मराठ्यांशी करार केला. बादशाहीचं रक्षण करायचं आणि त्याबदल्यात पंजाब, सिंध वगैरेंची चौथाई आणि आग्रा व अजमेर या सुभ्यांची सुभेदारी घ्यायची. आता अकबराच्या काळच्या दप्तरात जैसलमेर कुठे येतं? अजमेर सुभ्यातल्या बिकानेर सरकारात, म्हणजे त्या सुभ्याच्या एका जिल्ह्यात. म्हणजे सुभेदारी अजमेरची आणि जैसलमेर त्या सुभ्यात, मग रंग का द्यायचा नाही? हा युक्तिवाद ऐकायला चोख आहे. पण त्याच करारात सिंधमधल्या ठठ्ट्याच्या चौथाईचाही उल्लेख आहे. ठठ्ट्यात कोणत्या मराठी कमाविसदाराने, म्हणजे वसुली अधिकाऱ्याने, चौथ गोळा केली? ज्या बादशहाच्या हातात स्वतःचा पंजाब राहिला नव्हता, त्याने लिहून दिलेला हक्क वसूल होईपर्यंत कागदावरच राहतो. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. १७१९ च्या सनदांमध्येही स्वराज्य वेगळं आहे, चौथाई वेगळी आणि सरदेशमुखी वेगळी. जिथे आपला अंमल आहे तो मुलूख आणि जिथे नुसता हक्क सांगितला आहे तो मुलूख, हा भेद करणारी भाषाच त्यांच्यापाशी होती. तीनशे वर्षांनी आपण तो भेद एका कुंचल्याने पुसून टाकावा का?

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे आणि तो मला मनापासून पटतो. मोगलांचे, मौर्यांचे नकाशे बिनदिक्कत काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत रंगवले जातात, तेव्हा कुणी पावत्या मागत नाही. मग मराठ्यांनाच हिशेब का? अगदी बरोबर. १७०० सालचा नेहमीचा नकाशा घ्या. अख्खं दख्खन औरंगजेबाच्या रंगात बुडालेलं दिसतं. त्याच वर्षी एप्रिलपर्यंत साताऱ्याचा किल्ला खुद्द बादशहाच्या वेढ्याशी झुंजत होता, आणि बादशहाची छावणी डोंगरातून हलली की मागचा मुलूख पुन्हा मराठ्यांचा होत होता. तो सपाट रंग पाहून माझं रक्त तापतं. पण तापतं कशामुळे? तो रंग खोटा आहे म्हणून. मग तोच खोटेपणा दुसऱ्याच्या वाळवंटावर आपण केला तर ते आपल्याला कसं चालतं? मोगलांच्या नकाशावर रेघा मारून तो दुरुस्त करा, ही मागणी रास्त आहे आणि ती करायलाच हवी. त्यांचा खोटा आहे म्हणून आमचाही खोटा चालवून घ्या, ही मागणी आपल्याला शोभत नाही.

राहिला तिसरा मुद्दा: मराठ्यांना राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात पूर्वी चार ओळी मिळायच्या, आता कुठे सविस्तर धडा आला आहे, त्यात खुसपट कशाला काढता? मी म्हणतो, धडा आला म्हणूनच. एक चूक सापडली की वाचणारा उरलेल्या सगळ्या धड्याकडे संशयाने पाहतो.

आता भूगोल. अटकेपार झेंडे लागले हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण ती वाट कुठून गेली? दिल्ली, सरहिंद, लाहोर. मार्च १७५८ मध्ये सरहिंद पडलं, एप्रिलमध्ये रघुनाथराव लाहोरात होते, तिथून फौजा अटकेला भिडल्या. ही सगळी नद्यांची, धान्याची, चाऱ्याची वाट. जैसलमेर दिल्लीपासून आणि लाहोरपासूनही सरळ रेषेत सहाशेहून जास्त किलोमीटर दूर आहे, आणि मध्ये वाळू. मारवाडात मराठे शिरले होते, खोलवर शिरले होते. १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा दग्याने खून झाला, दत्ताजींनी वेढा उठवला नाही, आणि पुढच्या वर्षी मारवाडच्या विजयसिंह राठोडाला अजमेर सोडून देऊन जबर खंडणी कबूल करावी लागली. पण नागौरपासून जैसलमेर आणखी पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेला आहे. वर्षाकाठी जेमतेम १५-२० सेंटिमीटर पाऊस पडणारा तो मुलूख. हजारो घोडी आणि बुणग्यांचा लवाजमा घेऊन चालणाऱ्या फौजेने तिथे जाऊन प्यायचं काय? काही वर्षांपूर्वी जैसलमेरच्या किल्ल्यात दशहरा चौकातल्या एका म्हाताऱ्या चहावाल्याला मी मराठ्यांबद्दल विचारलं होतं. त्याने चहा गाळता गाळता वर न बघता उत्तर दिलं, "इधर क्यों आते? पानी कहाँ था?" या सगळ्या वादात इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि पुरावाच हवा असेल तर तो १८१८ मध्ये आहे. त्या वर्षी इंग्रजांनी राजपूत संस्थानांशी तह केले. जानेवारीतल्या जोधपूरच्या तहात कलम घातलं की आजवर शिंद्यांना दिली जाणारी खंडणी यापुढे कंपनीला द्यायची. रक्कम १ लाख ८ हजार रुपये. इंग्रज वसुलीत एक कवडी सोडणारे नव्हते. जिथे जिथे मराठ्यांचा हक्क सापडला, तिथे तिथे तो त्यांनी आपल्या नावे करून घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात जैसलमेरच्या मूलराजांशी तह झाला, तेव्हा खंडणी ठरली नाही. का नाही? ज्याची जागा घ्यायची असा आधीचा मराठी वसूलदारच तिथे नव्हता. शत्रूच्या जमाखर्चातला कोरा रकाना हा मराठ्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिणाऱ्या कुणाही इतिहासकाराच्या विशेषणांपेक्षा भरवशाचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तो नेमका १७५० ते १७६१ या काळाचा, म्हणजे या नकाशाच्याच वर्षांचा. अस्सल कागदाशिवाय बोलू नये हा धडा ज्या भाषेतल्या माणसांनी गिरवला, त्या भाषेत आज नकाशाचा बचाव अभिमानाच्या जोरावर व्हावा, याचं मला खरोखर दुःख होतं.

इथवर वाचून राजस्थानातला एखादा वाचक सुखावला असेल, तर त्याने आता माझ्याबरोबर लोद्रव्याला यावं.

जैसलमेरपासून साधारण पंधरा किलोमीटरवर लोद्रवा आहे. आज तिथे एक देखणं जैन मंदिर, काक नदीचं कोरडं पात्र आणि वाळूत विखुरलेले दगड. भाटी राजपुतांची राजधानी आधी ही होती. रावळ दुसाजचा थोरला मुलगा जैसल, पण गादी मिळाली धाकट्या विजयराजला, ज्याला 'लांझा' म्हणत. हा विजयराज गुजरातेतल्या पाटणच्या सिद्धराज सोळंकीचा जावई. परंपरा सांगते की लग्नात टिळा लावताना सासू त्याला म्हणाली, बाळा, उत्तरेच्या दाराचं कवाड हो, आमच्या आणि तिकडून वाढत चाललेल्या बादशहाच्या मध्ये उभा राहा. तेव्हापासून भाट्यांचं बिरुद झालं 'उत्तर भड़ किंवाड़ भाटी'. ते जैसलमेरच्या राजचिन्हावर विराजमान आहे. विजयराजनंतर गादीवर आला त्याचा मुलगा भोजदेव. आणि मग काका उठला. आपला हक्क डावलला गेला हे शल्य उराशी धरून बसलेल्या जैसलने घोरच्या सुलतानाशी संधान बांधलं, त्याची फौज लोद्रव्यावर आणली. त्या लढाईत भोजदेव मारला गेला. लोकांना चीजवस्तू हलवायला दोन दिवस मिळाले, तिसऱ्या दिवशी लूट झाली. म्हणजे ज्याच्या बापाला 'उत्तरेचं कवाड' म्हटलं गेलं, त्या मुलावर उत्तरेची फौज आणून जैसल राजा झाला. आज जैसलमेरचं राजचिन्ह एका भावाचं बिरुद वागवतं आणि शहराला नाव आहे दुसऱ्याचं.

ही कथा शब्दशः खरी आहे असं मी म्हणत नाही. ती आपल्यापर्यंत आली ती सतराव्या शतकातल्या मुहणोत नैणसीच्या ख्यातीतून, म्हणजे राजपूत घराण्यांच्या बखरीतून, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकारी जेम्स टॉडच्या ग्रंथातून, म्हणजे घटनेनंतर पाचशे ते सातशे वर्षांनी. तारखाही जुळत नाहीत. किल्ल्याची स्थापना विक्रम संवत १२१२ च्या श्रावणात, म्हणजे रूढ हिशेबाने ११५६ मध्ये झाली असं सांगतात. शहाबुद्दीन घोरी मुलतानात आला ११७५ मध्ये आणि वाळवंट तुडवत गुजरातवर गेला ११७८ मध्ये, जिथे सोळंक्यांनी त्याला धूळ चारली. तेव्हा एक तर साल चुकलं आहे किंवा सुलतानाचं नाव. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ही कथा भाट्यांच्या शत्रूंनी रचलेली नाही. ती राजस्थानच्या आपल्या परंपरेने, चारण-भाटांनी, ख्यातींनी जपली. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. डावललेल्या थोरल्याने परक्याची मदत घेऊन गादी मिळवणं ही त्यांच्या जगातली ओळखीची गोष्ट होती. पुढच्याच पिढीत जैसलचा थोरला मुलगा केलण बाजूला सारून धाकटा शालिवाहन गादीवर बसला, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. लाज वाटते ती आपल्याला, कारण आपण त्यांच्यावर आजच्या राष्ट्राची फूटपट्टी ठेवतो.

आणि मराठी वाचकाला ही काका-पुतण्याची गोष्ट परकी वाटते का? ज्या रघुनाथरावांनी १७५८ मध्ये लाहोर घेतलं, त्याच रघुनाथरावांच्या नावाशी १७७३ मधली शनिवारवाड्यातली ती हाक जोडली गेली आहे: काका, मला वाचवा. आणि त्यांनीच १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून परकी फौज स्वतःच्या घरावर आणली. लाहोरचा पराक्रम खरा आणि सुरतेचा तहही खरा, माणूस एकच. रघुनाथरावांना आपण दोन तुकड्यांत कापून एकच तुकडा मिरवू शकत नाही, तसंच जैसलचंही आहे. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि मिर्झाराजांबरोबर विजापूरवर चालून गेले, हे सांगताना आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो, आणि ती होतीच. मग १५७० मध्ये नागौरला अकबराशी सोयरीक करणाऱ्या जैसलमेरच्या रावळ हरराजची ती मुत्सद्देगिरी नव्हती, शरणागती होती, हे कोणत्या न्यायाने? आणि उलट बाजूने, जी सोयरीक झाली, ज्या घराण्याच्या अखैशाही रुपयावर अठराव्या शतकातही दिल्लीच्या मुहम्मदशहाचं नाव होतं, त्याने "आम्ही कधीच कुणाचे नव्हतो" असं म्हणावं, हेही कोणत्या न्यायाने?

लोद्रवा लुटल्यावर जैसलने काय केलं, ते मला त्याच्या बंडापेक्षाही बोलकं वाटतं. त्याला कळलं, ज्या वाटेने मी फौज आणली त्याच वाटेने उद्या दुसरा आणेल. सपाटीवरची राजधानी धरून ठेवता येणार नाही. तो जागा शोधत निघाला आणि त्रिकूट टेकडीपाशी त्याला ईसाल नावाचा वृद्ध तपस्वी भेटला. ईसालने सांगितलं, श्रीकृष्ण अर्जुनाबरोबर इथे आला होता, माझा वंशज या टेकडीवर दुर्ग बांधेल असं भाकीत करून गेला. अर्जुन म्हणाला, पण इथलं पाणी चांगलं नाही. तेव्हा कृष्णाने सुदर्शनाचा घाव घालून गोड्या पाण्याचा झरा काढला. किल्ल्यातली जैसलू विहीर ती हीच, असं आजही दाखवतात. कथेत देव आहे, चक्र आहे, भविष्यवाणी आहे, पण मधोमध अर्जुनाचा प्रश्न आहे आणि तो कुणाही गवंड्याचा, गुराख्याचा प्रश्न आहे: पाण्याचं काय? वाळवंटात राज्य म्हणजे आधी पाणी, मग उंचवटा, मग वाट. सिंध आणि मुलतानकडून गुजरातकडे जाणारे उंटांचे तांडे या टेकडीखालून जात, त्यांच्या जकातीवर हे राज्य जगलं. चौदाव्या शतकात घडसी रावळने गडीसर तलाव बांधला तेव्हा गावाच्या पाण्याची सोय लागली. इथे मुलूख रंगवायचाच झाला तर ठिपक्यांनी रंगवावा लागेल. विहिरींचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. त्यांच्यामधली वाळू भाट्यांचीही नव्हती, ती कुणाचीच नव्हती.

मी तो किल्ला पाहिला तेव्हा एका बुरुजाच्या तळाशी बसून दगडांच्या सांध्यांवर बोट फिरवलं. चुना नाही. पिवळे वालुकाश्म एकावर एक असे बसवले आहेत की फटीत नखही जात नाही. हे सगळं जैसलने बांधलेलं नाही. ९९ बुरुजांपैकी बहुतेक सतराव्या शतकातले आहेत. पण चुन्यासाठी पाणी लागतं, आणि पाणी मोजून वापरायचं हे शहाणपण त्या कोरड्या सांध्यात दिसतं. गेल्या काही दशकांत नळाचं पाणी गडावर आलं, सांडपाणी खालच्या मऊ थरांत मुरलं, आणि ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग कोसळला. आत आजही हजारो माणसं राहतात. जागतिक वारसा म्हणून २०१३ मध्ये नोंदवलेल्या या किल्ल्याच्या अब्रूसाठी ज्यांनी दोन्हीकडून इतका आवाज केला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या ढासळलेल्या तटाबद्दल शब्द काढला?

मग नकाशा कसा असावा? जिथे मराठ्यांचे कमाविसदार आणि ठाणी होती तिथे भरीव रंग. जिथून खंडणी येत होती त्या जोधपूर, उदयपूर, जयपूरवर तिरक्या रेघा. फौजा गेल्या त्या वाटा बाणांनी, शेजारी साल. उरलेलं कोरं. आठवीच्या मुलाला हे समजत नाही असं मानणं हा त्या मुलाचा अपमान आहे. मुलं क्रिकेटच्या गुणतक्त्यातला निव्वळ धावगतीचा हिशेब समजून घेतात, तर त्यांना चौथाई समजेल.

भाचीला मी तेच करायला दिलं. तिने वहीत भारताचा आराखडा काढला, दिल्ली-सरहिंद-लाहोर-अटक अशी लाल रेघ ओढली आणि शेजारी १७५८ लिहिलं. नागौरला बारीक ठिपका करून जयाप्पांचं नाव घातलं. जैसलमेरशी आल्यावर ती थांबली. तिथे तिने त्रिकोणी टेकडी काढली, खाली विहीर काढली आणि विचारलं, "मामा, त्या भोजदेवाचं नाव कुठे लिहू?"